दत्तूमामांचं भ्या

दत्तूमामा कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा शिवायचे ते उलट्या हाताने. दाराची कडी, नळाची तोटी, लोखंडी पेटी, सायकलचं हँडल, काहीही असो. आधी बोटांची पाठ हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच सरळ हाताने धरायचं. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. माजघरातला दिवा लागेना म्हणून सासूबाईंनी दोन घरं पलीकडे राहणाऱ्या दत्तूमामांना हाक मारली. गृहस्थ आले, उघड्याच असलेल्या दाराच्या कडीला उलटा हात लावला, उंबऱ्यात थांबून आढ्याकडे बघितलं, भिंतीवरून गेलेल्या वायरीचा माग काढत मान फिरवली, आणि मग सासूबाईंना नमस्कार केला. दिवा लागल्यावर मी चहा दिला, तर पितळी पेल्यालाही त्यांनी आधी बोटांची पाठच टेकवली. मला वाटलं, कुठल्या तरी पंथाचे असतील, काही पाळत असतील. माझं माहेर कुरुंदवाडचं, आमच्याकडे कंदील. विजेच्या माणसांची रीत मला कुठून ठाऊक असणार?

न राहवून मी विचारलंच.

"तळहातानं धरलं आन आत करंट असला की मूठ आवळती, वैनी," ते म्हणाले. "मग सोडीन म्हटलं तरी सुटत न्हाय. पाठीनं शिवलं तर हात आपसूक झटकला जातोय."

"पण चहाच्या पेल्यात कसला आलाय करंट?"

"नसतोय. नसतोयच की. पण हाताला काय सांगायचं, ह्यो चा हाय आन त्यो मीटर हाय? त्याला एकच सवय लावल्याली बरी."

मी पदरात तोंड लपवून हसले. नवी सून होते, नाहीतर तोंडावर हसले असते.

स्वराज्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. दत्तूमामा तेव्हा पंचेचाळिशीचे असावेत. वीज कंपनीत वायरमन. काटकुळी अंगकाठी, खाकी अर्धी विजार, खांद्याला हत्यारांची कातडी पिशवी, आणि मान कायम थोडी वर. गावात त्यांची ओळख एकच, भित्रा वायरमन. आता हे दुसऱ्या कुठल्या गावात खपून गेलं असतं. पण कोल्हापुरात गल्लीगणिक तालीम, आणि भीती हा सांगली-मिरजेकडच्या लोकांना होणारा काहीतरी आजार आहे, अशी इथल्या माणसांची प्रामाणिक समजूत. तालमीच्या कट्ट्यावरून दत्तूमामा गेले की कुणीतरी हमखास ओरडायचं, "काय दत्तबा, बायकूला तरी सरळ हातानं शिवतोस का न्हाय?" मी तिथून जात असले तर मला ऐकू आलं नाही असं दाखवायची. मामा सायकलवरूनच उत्तर द्यायचे, "तिला तर लांबूनच हात जोडतोय, बाबा. लई व्होल्टेज हाय."

त्यांच्यासारखेच दुसरे वायरमन खांबावर माकडासारखे चढायचे आणि विडी संपायच्या आत काम उरकून खाली यायचे. मामांना त्याच कामाला दुप्पट वेळ. आधी जाऊन फ्यूज काढायचा. काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात घालून वर बटण लावायचं. "ह्यो माझ्या खिशात असला म्हंजे कुणाच्या बापाला लाइट सोडता येत न्हाय." मग परत येऊन तार तपासायची. मग पुन्हा तपासायची. साहेब ओरडायचा, गल्ली ओरडायची, मामा ऐकून घ्यायचे.

लोकांना वाटायचं, ह्या माणसाला कधीतरी जबरदस्त झटका बसला असणार. मीही एकदा विचारलं, "मामा, तुम्हांला झालं होतं तरी काय?"

"काय झालं न्हाय. म्हणून तर भितोय," मामा म्हणाले. "ज्याला झालं त्यो सांगाय येतोय व्हय?"

मला ते उत्तर पळवाट वाटलं. विसाव्या वर्षी आपल्याला न कळणारी प्रत्येक गोष्ट पळवाटच वाटते.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण भोगायचं त्यांच्याच वाट्याला येणार होतं. हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. शाळेत आलेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी ग्लायडरची चित्रं पाहिली आणि आमच्या संसारात विमान शिरलं. इंजिन नाही, पंखा नाही; नुसते लांब पंख, आणि नाकात शिशाचा तुकडा. बाहेरच्या देशांत ती हलक्या लाकडाची करतात म्हणे. ते लाकूड इथे कुठलं मिळायला? पण कोल्हापुरात बाशिंगं होतात आणि बाशिंगाला भेंड लागतं. कापसासारखं हलकं, सुरीने कापलं तर कुरकुरसुद्धा करत नाही. ह्यांनी बाशिंगवाल्याकडून भेंडाची मोळी आणली. त्याने विचारलं, "मास्तर, कुणाचं लगीन?" हे म्हणाले, "विमानाचं." पुढे दोन दिवस गल्लीत ह्यांच्या डोक्याची चौकशी चालली होती.

भेंडाचा सांगाडा, बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख चांगले पाच फूट. हे विमान उडवायला दोन माणसं लागतात. एकाने ते डोक्यावर धरायचं, दुसऱ्याने लांब दोऱ्याचं टोक घेऊन वाऱ्याच्या तोंडावर पळायचं. विमान पतंगासारखं चढतं, डोक्यावर आलं की दोऱ्याची कडी आपोआप निसटते आणि मग ते आपलं आपण तरंगत राहतं. पळायचं काम माझं होतं. कारण विमान धरायला कौशल्य लागतं आणि पळायला लागत नाही, असं ह्यांचं मत. नऊवारीचा काचा मारून उसाच्या रानात धावणारी मास्तरीणबाई कोल्हापूरने त्याआधी पाहिली नसावी. सासूबाईंना आम्ही सांगायचो, नदीवर दर्शनाला जाऊन येतो. खोटं नव्हे. परत येताना घाटावर हात जोडायचो.

जागाही ह्यांनी विचार करूनच निवडली होती. नदीच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेलं रान. खाली पाचटाचा जाड थर, त्यामुळे विमान पडलं तरी मोडत नाही. शेजारी गुऱ्हाळ, तिथे विमान उडवून झाल्यावर गरम गूळ मिळतो. सगळं उत्तम होतं. फक्त रानाच्या कडेने, गाडीवाटेवरून, नदीवरच्या, पाणी उपसणाऱ्या मोटारींना वीज नेणारी मोठ्या दाबाची लाइन गेली होती. तीन तारा, फार उंचही नाहीत. मला तर त्यांवर बसलेल्या साळुंक्या फार आवडायच्या.

मामांना ही जागा कळली तेव्हा ते आमच्या ओसरीवर मटकन बसले. "मास्तर, तुमी शिकल्याली माणसं. तारंखाली इमान?"

"दोरा सुती आहे दत्तोबा. सुतातून वीज जात नाही," हे म्हणाले.

"वाळल्याल्या सुतातनं. सकाळी दंव पडतंय. वलं सूत आन तार, दोघी भैनी."

हे शास्त्राचे मास्तर, आणि दंवाचा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मामा मात्र तिथेच सुरू झाले. ऊन चढून दोरा खणखणीत वाळल्याशिवाय उडवायचं नाही. दोरा जेवढा लांब, त्याच्या दुप्पट अंतर तारेपासून. वारा तारेकडे वाहत असला तर विमान घरी. आणि शेवटचं, बोट वर करून त्यांनी सांगितलं, "तारेवर गेलं ते तारेचं झालं. मग ते तुमचं न्हाय. काठी न्हाय, बांबू न्हाय, दगूड न्हाय. घराकडं तोंड करायचं आन चालाय लागायचं."

पुढच्या रविवारी ते स्वतः रानात आले. पावलं मोजली, डबीतून चुना आणला होता त्याची रेघ ओढली, आणि रेघेवर आमच्याकडे पाठ करून बसले. विमान चढलं, सुटलं, रानावर दोन गिरक्या घेऊन पाचटावर अलगद उतरलं. मी टाळ्या पिटल्या. मामांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मामा, विमान बघायचं सोडून तारा काय बघत बसलात?"

"इमान तुमी बगताय की. तारंकडं कोण बगणार?"

असे कितीतरी रविवार गेले. त्या माणसाने आमचं विमान उडताना एकदाही पाहिलं नाही. ड्यूटी नसेल तेव्हा यायचं, तारांकडे तोंड करून बसायचं, आणि विमान उतरलं की कपाळाचा घाम पुसायचा. हे त्यांचा मान राखायचे. मी मात्र घरी आल्यावर त्यांची नक्कल करायची. उलट्या हाताने पोळीला शिवायची, आढ्याकडे बघत पाणी प्यायची. सासूबाईसुद्धा हसायच्या. फार हुशार होते मी तेव्हा.

त्या हुशारीतूनच शेला निघाला. ऊस तोडल्यावर रानात जी खोडकी उरतात, त्यांनी विमानाचा कागद दर वेळी फाटायचा. मासिकात लिहिलं होतं की रेशीम लावलं तर टिकतं. रेशीम म्हणजे घरात एकच, माझा लग्नातला शेला. कपाटात घडी करून ठेवलेला. तो वर्षातून कितीदा अंगावर येणार? मी तो दुपारी गुपचूप कापला आणि कामट्यांवर शिवला. शिवला, चिकटवला नाही. कारण मनात असं होतं की लागला तर टाके उसवून परत शेला करता येईल. आज हे लिहितानासुद्धा मला त्या मुलीच्या अकलेचं नवल वाटतं. शेल्याचे दोन्ही जरीकाठ मी दोन पंखांवर लांबीने घेतले. हे म्हणाले, "काठ काढ, जड होईल." मी म्हणाले, "काठाशिवाय शेला कसला?"

मामांनी विमान हातात घेतलं. उलट्या हाताने, अर्थातच. काठावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वैनी, ही जर हाय."

"हो. खरी आहे, माझ्या वडिलांनी घेतलेली."

"खरी हाय म्हणूनच इचारतोय. ही चांदीची तार हाय वो. तांब्यापरीस वंगाळ. काढा."

"मामा, तुम्ही दागिने घातलेल्या बाईलाही भ्याल!"

"भितोच की," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी काठ काढले नाहीत.

संक्रांत मंगळवारी होती. सासूबाई शुक्रवारी म्हणाल्या, "सूनबाई, हळदीकुंकवाला शेला घे हो अंगावर." मी हो म्हटलं. ठरवलं की रविवारी शेवटचं उडवायचं, रात्री टाके उसवायचे. शनिवारी मामा येऊन बजावून गेले, "उद्या माझी ड्यूटी हाय. मी न्हाय म्हंजे इमान बी न्हाय." हे म्हणाले, बरं. आणि रविवारी सकाळी आम्ही दर्शनाला निघालो.

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता. तिसऱ्या वेळी मी पळाले, कडी सुटली, आणि वर बघते तो धूर आडवा झालेला. वारा नदीकडून फिरला होता आणि विमान तरंगत तरंगत चुन्याची रेघ ओलांडून निघालं होतं. त्याला थांबवायला काहीच नव्हतं. हे दोन्ही हात पसरून त्याच्या मागे धावले, जसं काही ते कोंबडं होतं. विमान तारांवर बसलं. फाट् असा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली, एका पंखाचा काठ काळा पडला. नदीवरची मोटार गुर्र गुर्र करून बंद पडली. आणि मग इतकी शांतता झाली की चिमण्यांचा आवाज मोठा वाटायला लागला.

गाडीवाटेवर उसाने भरलेली एक गाडी गुऱ्हाळाकडे चालली होती, नेमकी तारांखाली येऊन थांबली. गाडीवान मान वर करून म्हणाला, "लाइट गेली बगा, पावणं. मोटार बी पडली. चढा गाडीवर, काडा तुमचं इमान."

"फ्यूज उडाला," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "तार मेली असणार." मग जरा थांबले. "पण दत्तोबा म्हणाला होता, तारेवर गेलं ते—"

इथे मी जे बोलले ते मी फार वर्षं कुणालाही सांगितलं नाही. मी म्हणाले, "त्या भित्र्या माणसाचं काय ऐकता? मोटार बंद पडली, ऐकू येत नाही का? काढा लवकर. मंगळवारी सासूबाईंना काय दाखवू?"

हे उसाच्या ढिगावर चढले. जमिनीपासून दोन पुरुष उंच झाले. गाडीतलाच एक लांब ऊस ओढून काढला, वरचं हिरवं वाढं तसंच असलेला. आमच्याकडे काठी कुणी शोधत नाही, ऊस असतो हाताशी. दोन्ही हातांनी तो बुडाला धरून त्यांनी वर केला. वाढ्याचं टोक खालच्या तारेच्या बाजूने वर, विमानाच्या दिशेने जायला लागलं.

"वैनी. हाय तितंच हुब्या ऱ्हावा."

आवाज मागून आला, आणि इतका हळू की मला आधी मामांचा वाटलाच नाही. बांधावर त्यांची सायकल आडवी पडली होती. पुढे कळलं ते असं की ते ड्यूटीवरून मधल्या वेळात घरी चालले होते. जाता जाता आमच्याकडे डोकावले, आणि भिंतीवरच्या खिळ्याला विमान नव्हतं.

"मास्तर," मामा तशाच हळू आवाजात म्हणाले, "वळू नका. हात हलवू नका. ऊस हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

"अरे, लाइट गेलीय," हे म्हणाले.

"एक गेलीया. तारा तीन हायत. दोन जित्या हायत."

"पण हा तर ऊस—"

"वला ऊस हाय, मास्तर. रसानं भरल्याली नळी हाय ती. गाडी वली, तुमी घामानं वलं."

ह्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. वाढ्याची पाती आणि तार यांच्यात एक वीत अंतर होतं. पाती वाऱ्याने हलत होती, अंतर कधी वीतभर व्हायचं, कधी चार बोटं. ऊस बुडाला धरला की किती जड लागतो ते ज्याने धरलाय त्यालाच ठाऊक. ह्यांचे दंड थरथरायला लागले होते, आणि ते थरथरणं उसातून वर चढत टोकापर्यंत जाताना मला दिसत होतं. मला ओरडायचं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. बरं झालं ओरडले नाही.

"येसण धर," मामा गाडीवानाला म्हणाले. "बैलांनी पाऊल हलवलं तर हा माणूस गेला." मघाशी शूर असलेला गाडीवान दोन्ही बैलांच्या नाकांना लोंबकळला.

मामा पुढे आले. पाऊल टाकतानाही त्यांची नजर उसाच्या टोकावरून ढळली नाही. गाडीपासून दहा पावलांवर थांबले. "मास्तर, उसाकडं बगू नका. टोक मी बगतोय. तुमी माझ्याकडं बगा."

ह्यांनी मामांकडे बघितलं. तेवढ्या वेळात ह्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तेच योग्य होतं.

"आता बसा. ऊस वढू नका, नुसतं खाली बसा. पोरगं खांद्यावर निजल्यालं असतंय, आन आपुन बसतोय, तसं."

आम्हांला तेव्हा मूल नव्हतं. पण हे बसले. इतके सावकाश की गुडघे वाकतायत हेसुद्धा कळत नव्हतं. टोक तारेपासून हातभर खाली आलं. मग दोन हात. "आता मागं आडवं व्हा. ऊस छातीवर घ्या. हां. तसंच मागनं घसरा." हे उसाच्या ढिगावरून पाठीवर घसरत मागच्या बाजूने जमिनीवर आले. ऊस अजून दोन्ही हातांत घट्ट होता. मामांनी तो काढून घेतला.

"गाडी काड," ते म्हणाले.

गाडी तारांखालून वीस-पंचवीस पावलं गेली असेल. पुन्हा वाऱ्याचा झोत आला. विमान तारांवरून सरकलं, उलटं झालं, आणि दुसऱ्या पंखाचा काठ त्या दोन जित्या तारांवर पडला. भर उन्हात माझी सावली माझ्यासमोर उमटली, इतका उजेड झाला. आवाज कानात कितीतरी वेळ राहिला. रेशीम जळत जळत खाली आलं, आणि मघाशी गाडी उभी होती तिथलं पाचट पेटलं. गाडीवान, हे आणि मी माती टाकून ते विझवत होतो. मामा दिसेनात म्हणून मी बांधापलीकडे पाहिलं. ते सरीत ओणवे होऊन ओकत होते.

तोंड पुसून आले. एक शब्द लागट बोलले नाहीत. गुऱ्हाळावरच्या माणसाला सायकल देऊन कंपनीत निरोप धाडला आणि लाइन बंद होऊन दुसरे वायरमन येईपर्यंत तारांखाली कुणाला जाऊ न देता उन्हात उभे राहिले. साहेबाला त्यांनी खरं तेच सांगितलं. ह्यांना लेखी माफी द्यावी लागली. घरी मी सासूबाईंपुढे शेल्यासकट सगळं कबूल केलं. सगळं म्हणजे, ते एक वाक्य सोडून. त्यांनी लेकाला देवाजवळ बसवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत निघून गेल्या. हळदीकुंकू झालं. शेल्याचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर मला भ्या लागलं. दुसरा शब्द नाही. लांब कुठे मोटार बंद पडली की माझा हातातला घास थांबायचा. हे शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की मी दारात. वाळत घातलेलं धोतर तारेवर फडफडलं तरी मी ते काढून आत आणायची. ह्यांनी भेंड, कामट्या सगळं माळ्यावर टाकलं आणि ते घरात गप्प बसायला लागले. ते गप्प असलेले मला चालत होते. खाली जमिनीवर होते ना, बस्स.

वर्षभराने मामा एकदा संध्याकाळी आले. खांद्यावर भेंडाची मोळी. "मास्तर, सोडू नका. जागा बदला." टेंबलाईच्या टेकडीपलीकडचा माळ ते रविवारमागून रविवार चालून बघून आले होते. एका अंगाला अर्धा कोस, दुसऱ्या अंगाला त्याहून जास्त, कुठे खांब नाही, तार नाही. मी आतून म्हणाले, "नको." मामा म्हणाले, "वैनी, मी आलोय की बगून." ह्यांनी परत विमान केलं, साध्या कागदाचं. त्या माळावर मामांनी पहिल्यांदा आमचं विमान उडताना पाहिलं. त्यांना ते विशेष काही वाटलं नाही. "लई वेळ वर ऱ्हातंय," एवढंच, जरा नाराजीने, म्हणाले.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर मामा आपल्या गावी गेले. गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. निरोपसमारंभात साहेबाने भाषण केलं की दत्तोबांच्या हाताखाली कामाला लागलेल्या एकाही माणसाला आजवर इजा झालेली नाही. टाळ्या फार पडल्या नाहीत. न झालेल्या गोष्टीला टाळ्या कोण वाजवतं?

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या गावात वीज नव्हती. मामा अंगणात बाजेवर बसले होते, मान खाली, शेंगा फोडत. इतके निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जेवणं झाली. हे गाव बघायला म्हणून बाहेर पडले, आणि मी मामांजवळ ते वाक्य एकदाचं बोलून टाकलं. मी म्हणाले, "त्या दिवशी ह्यांना मीच वर चढवलं, मामा. हे थांबले होते. मी म्हणाले, त्या भित्र्याचं काय ऐकता."

मामांनी आणखी एक शेंग फोडली. "ठावं हाय. बांधावर चढत हुतो मी. जवळ येस्तवर मास्तर वर गेल्यालं."

"ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"बोलणार हुतो. दुसऱ्याच दिवशी बोलाय आलतो तुमच्या घरला," मामा म्हणाले. "तुमी दारात हुब्या हुता. मास्तर शाळंतनं यायचं हुतं आजून. तुमचं तोंड बगितलं. म्हटलं, हिला भ्या कळलं. आता काय बोलायचं? आन मागारी गेलो."

त्यांनी दाणे माझ्या हातावर ठेवले. "खावा. रानातलं हायत."

परत येताना एस.टी. मिळाली ती भरलेली. ह्यांनी नेहमीप्रमाणे खिडकी पकडली, कोपर बाहेर काढलं आणि मान तिरकी करून आभाळात कुठली घार दिसते का ते बघायला लागले. गारगोटीच्या रस्त्याने नवे खांब उभे राहत होते. काही उभे, काही अजून कडेला आडवे पडलेले. मामांच्या गावालाही वीज यायची होती तर.

"हात आत घ्या," मी म्हणाले.

"अगं, खांब लांब आहेत. आणि त्यांवर तारा कुठे आहेत अजून?"

"नसू देत. हात आत घ्या."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात आत घेतला.